ठकीसाठी स्थळ

श्रीपाद सोवनींची खडकीला बदली झाल्याची बातमी अंबरनाथच्या फॅक्टरी कॉलनीत पसरली, तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो मालिनीबाईंच्या कुत्र्यांचं आता काय होणार, हा. सोवनी नवराबायकोचं काय होणार, याची कुणी चौकशी केली नाही. त्यांचं बरंच होणार होतं. श्रीपादला बढती होती, आणि खडकीला क्वार्टर मिळेपर्यंत थोरल्या भावाकडे राहायची सोयही झाली होती.

कुत्र्यांचं म्हणायचं, पण मालिनीचं स्वतःचं कुत्रं एकच, ठकी. बाकीची सगळी कॉलनीची, म्हणजे कुणाचीच नाहीत अशी. मात्र त्यांचा ताकभात रोज मालिनीच्या मागच्या दारी कालवला जायचा. पायात काच घुसलेलं, कान फाटलेलं, खरजेने अंग सोललेलं जे कुणी येईल त्याला ती फरशीवर मांडी घालून करंजेल आणि हळद लावत बसायची. शेजारणी त्या वेळी नाकाला पदर लावायच्या आणि हळदीकुंकवाला जमल्या की तिच्या भूतदयेचं कौतुक करायच्या. मालिनीला ते कौतुक आवडायचं. घरात मूलबाळ नव्हतं, आणि कॉलनीत बाईचं कौतुक व्हायला दुसरी कारणं फारशी नव्हती.

ठकीला मात्र श्रीपादनेच आणलं होतं, स्टेशनच्या वाटेवरच्या गटारातून, रुमालात गुंडाळून. तांबूस रंगाची, एक कान पडलेली, साधी गावठी कुत्री. पुढे ती मालिनीची झाली ती इतकी, की मालिनी पोथी वाचायला बसली तरी ही पाटाला पाठ लावून निजायची. खडकीच्या थोरल्या जाऊबाईंनी आधीच निरोप धाडला होता की कुत्रं घरात आलं तर त्या पाणीसुद्धा घेणार नाहीत. जाऊबाई जे बोलायच्या ते करायच्या, हे सोवन्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा ठकीला कुणाला तरी द्यायचं, हे ठरलंच.

मग मालिनीने ठकीसाठी घर बघायला सुरुवात केली ती पोटच्या मुलीसाठी स्थळ बघावं तशी. कॉलनीने हसून घेतलं. पण दुसऱ्या कुणाची बदली झाल्यावर सामानाच्या ट्रकमागे फॅक्टरीच्या गेटापर्यंत धावणारी कुत्री तिने पाहिली होती. ती परत येऊन रिकाम्या क्वार्टरच्या पायरीवर बसतात आणि आत नवीन बिऱ्हाड आलं की त्यांच्या लाथा खातात, हेही पाहिलं होतं. आपली ठकी त्या पायरीवर बसणार नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं आणि चारचौघींत बोलूनही दाखवलं. बोलून दाखवलं नसतं तर पुढचं जरा सोपं गेलं असतं.

कॉलनीतली स्थळं तिने एकामागून एक नापास केली. एकांना कुत्रं हवं होतं, पण चोर येतील तेव्हा भुंकण्यापुरतं. दुसऱ्यांचा मुलगा मांजरीच्या शेपटीला डबा बांधणारा. तिसऱ्या घरच्या बाईने विचारलं, की खरकट्यावर राहील ना ही, आमच्याकडे वेगळं काही व्हायचं नाही. तिच्या घरचा चहा अर्धा ठेवून मालिनी उठली.

आणि याच धावपळीत तिच्या लक्षात आलं की ठकीला पिलं होणार आहेत.

आता ही गोष्ट सांगायला मालिनीच्या माहेरी शब्द नव्हता आणि सासरीही नव्हता. बायकांच्या बाबतीत ‘तिकडे काहीतरी आहे’ एवढं म्हणायचं आणि पुढचं डोळ्यांनी पुरं करायचं. कुत्रीच्या बाबतीत काय म्हणायचं, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. शिवाय मालिनीसारख्या बाईने, जिच्या स्वतःच्या बाबतीत दहा वर्षांत कुणाला डोळे मिचकावायची वेळ आली नव्हती, तिने हा विषय काढायचा म्हणजे आणखीच अवघड. तिने श्रीपादच्या ताटात आमटी वाढता वाढता सांगितलं, की ठकी आता एकटी नाही. श्रीपादला कळलं. त्याने भातात आळं केलं आणि बराच वेळ ते मोडलं नाही.

ज्यांना द्यायची त्यांना हे सांगावं लागेल का, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, विचारलं तर सांगू. त्याच्या बहिणीचं लग्न ठरवताना तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हेही सोवन्यांनी असंच विचारलं तर सांगायचं ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही, आणि लग्न होऊन गेलं. समोरच्याचं घर पायापासून कौलांपर्यंत पारखून घ्यायचं आणि आपल्या बाजूचा चकार शब्द बोलायचा नाही, ही आपल्याकडची स्थळं बघायची रीत. सभ्य माणसं ती पाळतात.

ठकी द्यायची आहे हे मोरिवलीच्या हिरामणला कळलं ते भाजी घालता घालता. कॉलनीत वांगी, दुधी, माठ घेऊन तोच यायचा. त्यांची राखणीची कुत्री पान लागून, म्हणजे साप चावून, मेली होती आणि नाल्याकाठच्या वाडीत रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. बायकोला विचारून तो म्हणाला, रविवारी कुत्रीला घेऊन या, घर बघा, आमालाबी कुत्री बघता येईल. मालिनीला ते शेवटचं वाक्य जरा खटकलं. घर आपण बघायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

रविवारी सकाळी ठकीला घेऊन नवराबायको मोरिवलीला गेली. फॅक्टऱ्यांच्या कुंपणाला लागून गाव, सारवलेलं अंगण, कडेला गोठा. ओटीवर हिरामणचा म्हातारा बाप आणि गावातला आणखी एक म्हातारा विड्या ओढत बसले होते. हिरामणची बायको जनी ठेंगणी, काळीसावळी, नेहमी घाईत असल्यासारखी बोलणारी. मालिनीने चौकशी सुरू केली. झोपायला कुठे, तर गोठ्यात. खायला काय, तर आम्ही जे खातो ते, भात, पेज, मासळीची डोकी. दूध? जनीला हसू आलं. ती म्हणाली, दूध कॉलनीत विकाला जातं. नव्या जनावराला आठ दिवस तरी बांधावं लागेल, हेही तिने सांगून टाकलं, तेव्हा मालिनीचा चेहरा उतरला. ठकीला जन्मात दोरी माहीत नव्हती.

तोवर जनी ठकीपाशी उकिडवी बसली होती. तिने ठकीचे दात बघितले, पंजे बघितले, मग पोटाखाली हात घातला आणि तिथेच ठेवला. मान वर करून, हिरामणच्या, श्रीपादच्या आणि दोन्ही म्हाताऱ्यांच्या देखत तिने खणखणीत आवाजात विचारलं, “ही गाभन हाय नं, बाय?”

मालिनीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ओटीवरच्या एका म्हाताऱ्याने विडी तोंडातून काढून ठकीकडे पाहिलं आणि मग आपल्याकडे पाहिलं, असं तिला वाटलं. श्रीपाद लगेच गोठ्याची कौलं बघायला लागला. विचारलं तर सांगू म्हणणारा माणूस विचारल्यावर हा असा कौलं बघत होता.

“छे गं,” मालिनी म्हणाली. “जेवण जरा जास्त होतं तिला.”

“नाय?”

“नाही.”

जनीने हात आणखी थोडा वेळ तिथेच ठेवला, मग काढून लुगड्याला पुसला. त्यानंतर ती फारसं बोलली नाही. कळवते म्हणाली आणि आत निघून गेली. मालिनीचा जीव भांड्यात पडला. हो म्हटलं असतं तर या लोकांनी इथल्या इथे नको म्हणून सांगितलं असतं आणि चार माणसांत शोभा झाली असती, असं तिचं पक्कं मत झालं. परत येताना वाटभर ती जनीला नावं ठेवत होती. घर अस्वच्छ, बाई तोंडाळ, बोलण्याला काही धरबंध नाही. श्रीपाद हो हो म्हणत चालला होता.

बदलापूरचं स्थळ श्रीपादच्या साहेबांनी सुचवलं. गुरुदत्तराव मुंबईच्या एका कचेरीतून निवृत्त होऊन बदलापूरला घर बांधून राहिलेले. बैठं, लाल कौलांचं घर, मागे रहाटाची विहीर, सगळ्या बाजूंनी दगडी कुंपण आणि आत जांभळाची झाडं. त्यांतल्या एका झाडाखाली शेंदूर न लावलेला एक दगड बघून मालिनीने विचारलं, तर ते म्हणाले, आमचा राजा तिथे निजलाय, चौदा वर्षांचा होऊन गेला. मालिनीला तिथेच भरून आलं. इतकी स्थळं बघितली, पण आपलं कुत्रं पुरून त्याच्यावर दगड ठेवणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

तरीही तिने सगळं विचारून घेतलंच. दूध मिळेल का? घरची गाय आहे. बांधणार का? कुंपण असताना बांधायचं कशाला? आजारी पडली तर? कल्याणला गुरांचे डॉक्टर ओळखीचे आहेत. गुरुदत्तराव प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हात जोडल्यासारखे बसून देत होते. ठकीही त्यांच्या धोतराचा वास घेऊन त्यांच्या पायाशी जाऊन बसली. मुलीने वर पसंत केल्याची खूण याहून वेगळी काय असते?

अडचण एवढीच होती की घरात बाईमाणूस नव्हतं. त्यांच्या पत्नी कुंदाताई पुण्याला मुलीला आणायला गेल्या होत्या. ‘आणायला’ हा शब्द गुरुदत्तरावांनी जरा थांबून उच्चारला, त्यावरून मालिनीला कळलं की मुलगी पहिलटकरीण आहे. कुंदाताई असत्या तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, हळू आवाजात, ठकीचं सांगता आलं असतं. वडीलधाऱ्या परक्या पुरुषाला कसं सांगायचं? विहिरीपाशी हात धुताना तिने श्रीपादला विनवलं, तुम्ही सांगा ना. तो म्हणाला, मी त्यांना काय म्हणून सांगू, आणि कोणत्या शब्दांत? कुंदाताई आल्या की त्यांच्या लक्षात येईलच, बायकांच्या येतं.

संकोच होता हे खरं. पण संकोचाच्या आड आणखी एक गोष्ट दबा धरून बसली होती आणि मालिनीला ती स्पष्ट दिसत होती. सांगितलं तर हे घर हातचं जाईल. दूध देणारं, न बांधणारं, दगड ठेवणारं घर. तिने हात पदराला पुसले आणि पुढे जाऊन गुरुदत्तरावांना सांगितलं की हिला आंबट ताक चालत नाही, ताजं लागतं. ते त्यांनी लक्षात ठेवतो म्हणून सांगितलं. निघताना ठकी फाटकाच्या गजांतून नाक काढून उभी राहिली, आणि मालिनीने मागे वळून बघायचं नाही हे स्वतःला निक्षून बजावलं.

कॉलनीत तिने त्या घराचं वर्णन इतक्या वेळा केलं की शेजारणींना जांभळीची झाडं मोजता आली असती. महिला मंडळात एकीने तर बोलूनही दाखवलं, की मुक्या जीवाला घर द्यावं तर मालिनीबाईंनी. हिरामण मध्यंतरी भाजी घालायला आला, पण ठकीबद्दल त्याने काही विचारलं नाही आणि मालिनीनेही विषय काढला नाही. बदलीच्या हुकमाला मात्र मुहूर्त लागेना. जागेवर येणारा माणूस रुजू होईना म्हणून श्रीपादला थांबवून ठेवलं, आणि बांधलेल्या ट्रंका रोज उघडून पुन्हा बांधण्यात बरेच दिवस गेले. अखेर ट्रक ठरला. जायच्या दोन दिवस आधी ठकीला एकदा डोळे भरून बघून यावं, म्हणून तिने तुपात भिजवलेली भाकरी डब्यात घेतली आणि नवराबायको बदलापूरला गेली.

फाटकात ठकी आली नाही. मालिनीने हाक मारली, तरी आली नाही. ओटीवर बाळाची धुतलेली लंगोटं वाळत होती आणि आतून शेक-धुरीचा वास येत होता. कुंदाताई बाहेर आल्या, ओटीवरच सतरंजी घातली, आणि घरात बाळंतीण आहे म्हणून आत बोलावत नाही, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. मूल नसलेल्या बाईला बाळंतिणीच्या खोलीशी का येऊ देत नाहीत, हे मालिनीला सांगावं लागत नसे. ती सतरंजीच्या कडेला बसली.

मग कुंदाताईंनी जे झालं ते सांगितलं. मुलीला मुलगा झाला त्याच आठवड्यात लाकडांच्या खोलीत ठकी व्याली. पाच पिलं. खोली बाळंतिणीच्या खोलीला लागून. पिलं कुईकुई करायची, त्याने बाळ उठायचं, पण तेवढं चाललं असतं. मुलीच्या सासूबाई पुण्याहून नातू बघायला आल्या आणि त्यांनी ते ऐकलं. एका छपराखाली दोन बाळंतपणं, त्यातून एक कुत्रीचं, हे त्यांना मानवेना. सून नि नातू आत्ताच्या आत्ता पुण्याला नेते, म्हणून त्या हटून बसल्या. ओल्या बाळंतिणीला प्रवास करायला लावायचा, की कुत्रीला हलवायचं? शेवटी गुरुदत्तरावांनी चंदू गड्याला बोलावलं.

“मारायचं पाप नको म्हणून सिंध्यांच्या कॅम्पात पाठवली हो,” कुंदाताई म्हणाल्या. “पेंढ्याची गाडी जातच होती. पिलं गोणत्यात आणि ठकी दोरीला. तिथली माणसं मटण-मासे खाणारी, त्यांच्याकडे काही कमी पडायचं नाही.” आणि मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं का? आधी कळतं तर वेळेवर काही सोय केली असती.”

मालिनीने श्रीपादकडे पाहिलं. श्रीपाद जांभळीच्या शेंड्याकडे बघत होता.

“नाही हो,” ती म्हणाली. “आम्हालाही कल्पना नव्हती.”

गुरुदत्तराव दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. ते म्हणाले, की यात तुमचा दोष नाही, वहिनी, एवढी कुत्री पाळलेल्या माणसाने मीच ओळखायला हवं होतं. ते तिची समजूत घालत होते आणि मालिनी ती घालू देत होती. स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती. भाकरीचा डबा तिथेच विसरून ती उठली.

अंबरनाथला उतरून त्यांनी टांगा केला आणि पाच नंबरच्या कॅम्पात गेले. लष्कराच्या जुन्या बराकी, त्यांच्यापुढे गोणपाटं आणि पत्रे लावून सिंधी लोकांनी मांडलेली दुकानं, कापड, पापड, लोणची, सायकली. मालिनी प्रत्येक दुकानापुढे थांबून मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत होती, तांबूस कुत्री, एक कान पडलेला. लोक तिच्या नऊवारीकडे बघायचे आणि मटणाच्या दुकानांकडे बोट दाखवायचे. श्रीपाद दोन पावलं मागे राहून चालत होता.

मटणवाल्यांच्या कडेला एक म्हातारा सिंधी पकोडे तळत होता. त्याने झारा कढईच्या काठावर ठेवला आणि मालिनीला नीट बघून घेतलं.

“पाँच थे, माई,” तो म्हणाला. “इधर के कुत्तों ने पहली ही रात खतम कर दिए. ये अकेली, वो सात-आठ. मैंने लकडी मारी, पानी फेंका, पर कितना?” मग झारा पुन्हा उचलत तो म्हणाला, “आपकी है? मैं समझा किसी ने फेंकी है.”

ठकी त्याच्या गाडीखालीच होती. खाली एक गोणतं पसरलेलं होतं, त्याच्यावर अंगाचं मुटकुळं करून. म्हाताऱ्याने सांगितलं की त्या गोणत्यावरून ती उठत नाही, पावाचा तुकडा टाकला तर तिथेच खाते आणि कुणी गोणत्याला हात लावला तर अंगावर येते. चांगला कान फाटून लोंबत होता, गळ्यात तुटलेल्या दोरीचं टोक होतं आणि आचळं दुधाने तटतटली होती.

मालिनीने हाक मारल्याबरोबर ती उठली. लंगडत, सगळं अंग हलवत आली आणि मालिनीच्या पावलांवर डोकं घासायला लागली. तिने राग धरला नव्हता. धरला असता तर मालिनीला जरा बरं वाटलं असतं. ती रस्त्यातच खाली बसली, ठकीला मांडीशी घेतलं आणि तोंडावर पदर घेऊन रडली. लोक थांबून बघायला लागले, तसा श्रीपाद हळूच म्हणाला, अगं उठ, बघतायत सगळे.

आता हिला न्यायची कुठे? ट्रक परवा यायचा होता. श्रीपाद म्हणाला, या म्हाताऱ्याकडेच राहू दे, खायला घालतोय तो. मालिनी म्हणाली, मी मोरिवलीला जाते, जनीच्या पाया पडते. श्रीपादने घड्याळ बघितलं आणि घरी बांधाबांध राहिली असल्याचं सांगून तो टांग्याने कॉलनीत गेला. शेजारच्या दुकानातून मालिनीने सुंभाची दोरी घेतली, ठकीच्या गळ्यात अडकवली, आणि एकटी चालत निघाली. वाटभर ठकी मागे ओढत होती. मालिनीला वाटलं, पाय दुखत असेल.

मोरिवलीत ओटीवर तेच दोन म्हातारे होते. हिरामण टोपल्या विणत बसला होता आणि त्याच्याजवळ दोन शेजारी तंबाखू मळत होते. गोठ्याच्या खांबाला एक काळं कुत्रं बांधलेलं होतं. ते भुंकायला लागलं तशी जनी बाहेर आली, ठकीपाशी बसली, आणि तिला काही विचारावं लागलं नाही.

“व्यालीय,” ती म्हणाली. “पिलां कुठं हायेत?”

मालिनीने सांगितलं. बदलापूरपासून कॅम्पापर्यंत सगळं सांगितलं, कुठेही न थांबता. आणि शेवटी म्हणाली, “ती गाभण होती, जनी. मला माहीत होतं. मी खोटं बोलले.”

“मना हाताला लागत व्हती पिलां,” जनी म्हणाली. “पन तू मालकीन. तू नाय बोललीस. मंग मी मनात बोलले, पिलां नाय तं पोटात गाठ असंल, रोगी कुत्री आमच्या गल्यात घालतेय ही बाय.” तिने काळ्या कुत्र्याकडे हात केला. “म्हनून पालेगावच्या भावाकडून ह्याला आनला. मना पिलांच पायजे व्हती गो. दोन आमच्या वाडीला, एक भावाला. घरची पिलां वाडी राखतात तशी आनलेली कुत्री राखीत नाय. म्हनूनशी इचारलं तुला.”

 मालिनीने गोठ्याच्या खांबाला हात टेकला.

“का नाय सांगितलंस?” जनीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

“पुरुषमाणसं होती ना,” मालिनी म्हणाली.

जनीने ओटीकडे पाहिलं. सासरा, हिरामण, शेजारी, सगळ्यांवरून तिची नजर फिरली. त्यांच्यात न सांगण्यासारखं काय आहे, हे ती शोधत असावी. मग ती उठली आणि ठकीसाठी पेज आणायला आत गेली. जाता जाता दारातून तिने बजावलं, की ठेवते मी हिला, पण दूध आटेस्तवर बांधून ठेवायची. मधे सोडायची नाय.

मालिनीचा ऊर भरून आला. मिळालं एकदाचं घर. ती ठकीजवळ बसली आणि तिने तिच्या मानेवरून हात फिरवला, तर बोटं ओली झाली. जुन्या दोरीने कातडं सोललं होतं आणि त्याच्यावर तिने आणलेल्या नव्या सुंभाने पुन्हा घासलं होतं. अशी जखम बघून हात बांधून बसणं मालिनीला कधी जमलं नव्हतं. तिने हिरामणकडे तेल मागितलं. त्याने वाटी पुढे सरकवली. तेल लावायचं म्हणून तिने गाठ सैल केली आणि दोरी डोक्यावरून काढली.

ठकीने अंग झटकलं. गोठ्यात जाऊन तिने पेंढ्याचा एकेक कोपरा हुंगला, गव्हाणीखाली डोकं घालून बघितलं. काळं कुत्रं गुरगुरलं, तिकडे तिने लक्षही दिलं नाही. जनी पेजेचं भांडं घेऊन बाहेर आली, तोवर ती अंगण ओलांडून रस्त्याला लागली होती.

मालिनी तेलाच्या हातांनीच धावली. रस्त्यावर येऊन तिने हाका मारल्या, त्या कॉलनीतल्या मागच्या दारातून मारायची तशा, हळू आणि लाडाच्या. ठकी थांबली. मागे वळून तिने शेपूट हलवली, ओळख दिल्यासारखी, आणि तीन पायांवर लंगडत कॅम्पाच्या दिशेने चालायला लागली. मालिनी आणखी धावली. पायात नऊवारीचा सोगा अडकून ती गुडघ्यांवर पडली, डोक्यावरचा पदर कुठच्या कुठे गेला, आणि मग तिने उठायचंही सोडून दिलं.

“ठकी, तिथे नाहीत गं पिलं,” ती ओरडली. “मेली तुझी पिलं. ठकी, नाहीत तिथे.”

ओटीवरचे पुरुष उठून रस्त्यावर आले होते. त्यांच्यासमोर, मातीत बसून, सगळ्या मोरिवलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती पुन्हा पुन्हा तेच ओरडत होती. कुत्री तोवर नाल्यापलीकडे गेली होती.